चार टायर आणि साडेपाचशे किलोमीटर

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. रोज, नियमित, पाच ओळींपेक्षा जास्त नाही. सहा वर्षांपूर्वीही सुरू केली होती आणि तीन दिवस अगदी नियमित होतो. मग घटस्फोटाच्या गडबडीत राहून गेली.

काल संध्याकाळी भिंगरीचा फोन. भिंगरी म्हणजे माझी लेक, वय अठरा. लहानपणी स्वतःभोवती गोल फिरत जिना उतरायची, म्हणून भिंगरी. तिला भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला. कॉलेज साडेपाचशे किलोमीटर लांब. तेरा सप्टेंबरला, शनिवारी, होस्टेलवर पोचायचं. तिने विचारलं, बाबा, तू सोडायला येशील का, तुझ्या गाडीने, आपण दोघंच जाऊ.

मी म्हणालो, बघतो. लगेच हो म्हटलं की माणूस रिकामटेकडा वाटतो. फोन ठेवला, घरात तीन चकरा मारल्या आणि परत फोन करून हो म्हणालो. मधे चार मिनिटं तरी गेली असतील.

साडेपाचशे किलोमीटर म्हणजे वाटेतले थांबे धरून सात तास. गेल्या सहा वर्षांत आम्ही दोघं सलग जास्तीत जास्त अडीच तास एकत्र बसलोय आणि तेव्हा समोर सिनेमा चालू होता.

पाच ओळी कधीच ओलांडल्या. उद्यापासून काटेकोर.

४ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१५

गाडी टायरवाल्या काकांना दाखवली. ऑफिसजवळ त्यांचं दुकान आहे. त्यांनी खाली वाकून नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, साहेब, पुढचे दोन्ही गुळगुळीत, मागचे जुने होऊन कडक झालेत, यावर लांब जायचं नाही. मग मागून चार टायर काढून दाखवले. हे घ्या म्हणाले, साधे आहेत, चांगले आहेत, अर्ध्या तासात बसवतो.

मी हसलो. अर्ध्या तासात! माझी गाडी सेडान असली तरी स्पोर्टी आहे. पुढची चाकं ओढतात, खालून बसकी आहे, मागे छोटासा पंखही आहे. घटस्फोटानंतर तीन महिन्यांनी घेतली. तिला साधे टायर म्हणजे धावपटूला चपला.

शिवाय मी सरकारी लिफ्ट निरीक्षक. सोळा वर्षांत अकराशे लिफ्ट तपासल्या, एकही लिफ्ट चालून जाईल म्हणून पास केली नाही. पोटच्या पोरीला घेऊन जायचंय. अभ्यास करणार, मगच घेणार. चाळीस दिवस आहेत. भरपूर.

७ ऑगस्ट, गुरुवार

टायरच्या कडेला जे आकडे आणि अक्षरं असतात त्या सगळ्यांचा अर्थ आता मला कळतो. रुंदी, उंची, आतल्या रिमचा व्यास, वजन किती पेलेल, वेग किती झेपेल. माझ्या गाडीला ताशी दोनशे चाळीस झेपणारे टायर लागतात. मी आजवर शंभरच्या वर गेलेलो नाही, पण तो मुद्दा वेगळा.

आज चालत घरी येताना वाटेतल्या सगळ्या गाड्यांचे टायर वाचत आलो. वीस मिनिटांच्या रस्त्याला तास लागला. वेळ कसा गेला कळलं नाही. बऱ्याच दिवसांनी असं झालं.

१० ऑगस्ट, रविवार. रात्री ८

इंटरनेटवर टायरप्रेमींचा एक ग्रुप आहे, त्यात नाव नोंदवलं. ‘लिफ्टमन’ हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं होतं. मी ‘लिफ्टमन २’ झालो. प्रश्न टाकला: स्पोर्टी सेडान, फ्रंट व्हील ड्राइव्ह, एक लेक, दोन बॅगा, सात तास, कुठला टायर? तासाभरात एकेचाळीस उत्तरं! माझ्या वाढदिवसाला सहा जणांनी मेसेज केला होता, त्यातली एक विमा कंपनी.

त्या ग्रुपवर ‘रबरसम्राट’ म्हणून एक गृहस्थ आहेत. नऊ हजारांच्या वर उत्तरं दिली आहेत त्यांनी. माणूस म्हणजे चालताबोलता ज्ञानकोश. त्यांनी विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय, पकड, टिकाऊपणा की शांतता. मी लिहिलं, तिन्ही. त्यांनी लिहिलं, तिन्ही एकत्र कुठेच मिळत नाहीत. मी लिहिलं, मी शोधीन.

६ वाजता भिंगरीचा फोन येतो दर रविवारी. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, आईबरोबर आणि दातवाल्यांबरोबर. दातवाले म्हणजे तिच्या आईने नंतर ज्यांच्याशी लग्न केलं ते दातांचे डॉक्टर. माणूस वाईट नसावा. मी कधी नीट बघितलेलं नाही.

आज फोन सात मिनिटं. त्यातली पाच टायरबद्दल. तिला रस वाटला असावा, कारण मधे अजिबात बोलली नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

ऑफिस. आमचे साहेब लिफ्ट खात्याचे प्रमुख असून कायम जिन्याने येतात, चौथ्या मजल्यावर, धापा टाकत. म्हणून खात्यात त्यांना जिनेवाले साहेब म्हणतात. आज मी पार्किंगमध्ये त्यांच्या टायरची खाच मोजत होतो. खोली मोजायची छोटी पट्टी मागवली आहे, ती खिशातच असते. वॉचमनला वाटलं मी हवा सोडतोय. आरडाओरडा. चार लोक जमले. साहेब जिन्याने खाली आले. मी शांतपणे सांगितलं की तुमचा डावा मागचा धोक्याच्या रेषेला टेकलाय. साहेब म्हणाले, चार दिवस रजा घ्या, तुम्हाला गरज दिसते.

रजा मी तेरा सप्टेंबरसाठी राखून ठेवली आहे. तसं सांगितलं. लेकीला सोडायला जायचंय हे मुद्दाम दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा सांगताना लिफ्टचं दार आपटलं.

१७ ऑगस्ट, रविवार

फोनवर भिंगरी म्हणाली, बाबा, टायर कसलेही चालतील, तू ये म्हणजे झालं. लहान आहे अजून. सुरक्षितता हा विषय या वयात कळत नाही.

मग तिने विचारलं, वाटेत गाणी तू आणशील की मी. हे मात्र माझ्या नियोजनातच नव्हतं. सात तास बोलायचं काय, याची यादी करायला हवी. आत्ता बसलो.

१. अभ्यास कसा करावा. (दहा मिनिटं)
२. होस्टेलच्या लिफ्टमध्ये काय काय तपासावं. (अर्धा तास)
३. टायर. (एक तास)
४. मी तुझ्या आईशी... हे नको. खोडलं.
५. तुला मी आठवतो का. हेही नको.

एकूण एक तास चाळीस मिनिटं. पाच तास वीस मिनिटं उरतात. गाणी तिलाच आणायला सांगतो.

२० ऑगस्ट, बुधवार

कॉम्प्युटरवर तक्ता केला. तेवीस टायर, चौदा रकाने, प्रत्येक गुणाला वेगळं वजन. रात्रीचं जेवण तक्त्यासमोरच, उकडलेली दोन अंडी आणि पाव. शेवटी बेरीज केली आणि पहिला नंबर आला तो सामान वाहणाऱ्या टेम्पोच्या टायरचा. टिकाऊपणाला वजन जरा जास्त दिलं गेलं होतं.

तक्ता दुरुस्त केला. आता दुसराच पहिला आला. पुन्हा दुरुस्त केला. तिसराच. म्हणजे पद्धत उत्तम आहे, फक्त आधी कुठला हवा ते ठरवायला हवं.

२३ ऑगस्ट, शनिवार. दुपारी १२.३०

टायरवाल्या काकांशी खडाजंगी. खरं तर मीच खडखड करत होतो, ते स्टुलावर बसून चहा पीत होते.

माझं म्हणणं असं की आता पुढे दोन भारी टायर टाकू, मागचे पुढच्या वर्षी. फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, पुढची चाकं ओढतात, वळतात, ब्रेकही जास्त त्यांनाच लागतो, मागची नुसती फरपटत येतात. काका म्हणाले, साहेब, दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे बसवतात, गाडी कुठल्याही बाजूने ओढणारी असू दे. पुढचे घसरले तर तुम्हाला स्टिअरिंगवर समजतं, सावरता येतं. ओल्या रस्त्यावर मागचे घसरले तर गाडी तुमच्याभोवतीच फिरते, तुम्ही काहीही करू शकत नाही. 

मी म्हणालो, हे तुमचं दुकानातलं शास्त्र झालं. ते म्हणाले, चार घ्या, भांडण मिटलं. आणि पुन्हा तेच चार साधे टायर बोटाने दाखवले.

घरी येऊन रबरसम्राटांना विचारलं. त्यांनी एका ओळीत लिहिलं, नवे मागेच. पुढे लिहिलं, तुम्ही गाडी चालवताना मागे कोण बसणार आहे?

कुणी नाही, ती माझ्या शेजारी बसणार आहे, असं मी उत्तर दिलं. ते वाक्य लिहून झाल्यावर दोन वेळा वाचलं.

असो. काकांचं म्हणणं तत्त्वतः मला आधीपासूनच मान्य होतं. चार घेणार.

२८ ऑगस्ट, गुरुवार

निर्णय! अखेर! परदेशी बनावटीचा स्पोर्ट्स टायर. ओल्या रस्त्यावर पकड नंबर एक. आवाज इतका कमी की गाडीत कुजबुजून बोललं तरी ऐकू यावं. आणि त्यात माझी स्वतःची भर म्हणजे एक माप रुंद. गाडी जमिनीला चिकटून बसेल.

काका म्हणाले, हा टायर दुकानात नसतो, मागवावा लागेल, आठ-दहा दिवस लागतील. आणि साहेब, एक माप रुंद घेऊ नका, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आत घासेल. मी त्यांना समजावलं की मी सगळं मोजलंय. ते म्हणाले, तुम्ही मोजलंय ते सरळ उभ्या गाडीवर. वाद वाढायला नको म्हणून मी ऑर्डर कागदावर लिहून दिली, माप ठळक अक्षरात, खाली सही, सहीखाली हुद्दा. सरकारी शिस्त. उद्या कुणी फाटे फोडायला नकोत.

जीव भांड्यात पडला. सहा तारखेपर्यंत येतील. त्यानंतरही आठवडा हातात राहतो.

३१ ऑगस्ट, रविवार

भिंगरीचा फोन. म्हणाली, आई विचारतेय बाबा नक्की येणार ना, कारण दातवाल्या काकांनी त्यांची गाडी काढायची तयारी दाखवलीय. ती त्यांना नुसतं काका म्हणते. दातवाले हे मी मनात घातलं.

मी मनापासून हसलो. त्यांची गाडी मी बघितलीय. सात सीटचा उंच डबा. वळणावर अशी डोलते की आत बसलेल्याला गाडी लागून उलटी व्हावी. मी म्हणालो, आईला सांग, बाबाने शब्द दिलाय. मग भिंगरी म्हणाली, बाबा, मी सांगते, पण तू खरंच ये हां.

खरंच म्हणजे काय? मी कधी आलो नाही असं झालंय? तिच्या दहावीच्या निकालाला ट्रॅफिक होता. नाटकाच्या वेळी मी पोचलो होतो, फक्त नाटक संपलं होतं. पोहण्याच्या स्पर्धेचा दिवस मी वहीत चुकीचा लिहिला, तो दोष वहीचा.

संकल्प: तेरा तारखेला पहाटे पाच वाजता तिच्या दारात. साडेचारला, पाच कशाला.

६ सप्टेंबर, शनिवार

टायर आले नाहीत. काका म्हणाले, सोमवारी.

८ सप्टेंबर, सोमवार

काका म्हणाले, उद्या. मी विचारलं, उद्या नक्की? ते म्हणाले, साहेब, मी तुम्हाला चार ऑगस्टला अर्ध्या तासात म्हणालो होतो. या माणसाला टोमणे मारायची फार सवय आहे.

आज गाडी धुतली. भिंगरीच्या सीटखाली जुना हेअरबँड सापडला, लहान मुलीचा. तो तसाच ठेवला.

१० सप्टेंबर, बुधवार. सकाळी ११

टायर आले. काळेभोर, नव्या रबराचा वास. त्यांच्या खाचांवर मी हात फिरवला तेव्हा काका दुसरीकडे बघत होते. बसवले. गाडी अशी रुबाबात उभी राहिली की जाणारा-येणारा वळून बघेल. एक जण वळलासुद्धा, पण त्याला समोरच्या मेडिकलमध्ये जायचं होतं.

दुकानातून बाहेर काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं. घर्रर्र. उलट बाजूला वळवलं. घर्रर्र. काका आत गेले, ड्रॉवर उघडला, माझी सही आणि हुद्दा असलेला कागद आणून बॉनेटवर ठेवला.

मी म्हणालो, पूर्ण वळवायचंच नाही, म्हणजे झालं. काका म्हणाले, म्हणजे तुम्ही साडेपाचशे किलोमीटर सरळ जाणार. 

काढले. आता त्याच कंपनीचे योग्य मापाचे पाच-सहा दिवसांत येतील. तोवर जुनेच परत चढवले.

१० सप्टेंबर, दुपारी ३

हिशेब केला. पाच-सहा दिवस म्हणजे पंधरा किंवा सोळा. जायचंय तेराला. काका दुकानाबाहेर माझ्यामागे आले होते. म्हणाले, हे चार साधे आत्ता बसवा, पोरीला सोडून या, परत आल्यावर काढून तुमचे बसवतो, हे मी परत घेतो. हात जोडून म्हणाले.

मी विचार करतो म्हणालो आणि घरी आलो.

कसं शक्य आहे? सव्वा महिन्याचा अभ्यास, तेवीस टायर, चौदा रकाने, आणि शेवटी जायचं पहिल्या दिवशी दाखवलेल्या टायरवर? मग मधले सगळे दिवस मी काय करत होतो? चालून जाईल असं मी आजवर कुठल्याही लिफ्टला म्हटलेलं नाही, आता माझ्या लेकीच्या बाबतीत म्हणू?

हे सगळं मोठ्याने बोलून बघितलं. घरात कुणी नव्हतं, त्यामुळे पटलं.

११ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ८

भिंगरीला फोन केला. गुरुवारी फोन म्हटल्यावर ती घाबरली, बाबा, बरं नाही का तुला. मी परिस्थिती तांत्रिक बाजूने समजावली. आणि सुचवलं की एक आठवडा पुढे ढकलू, वीस तारखेला निघू. ती म्हणाली, बाबा, वर्ग पंधरा तारखेला सुरू होतात. मी म्हणालो, पहिल्या आठवड्यात फारसं काही शिकवत नाहीत.

ती म्हणाली, बरं.

समजूतदार आहे पोरगी. आरडाओरडा नाही, रडणं नाही. नुसतं बरं. थोड्या वेळाने मेसेज आला की ती काकांबरोबर, म्हणजे दातवाल्यांबरोबर, जाईल, मी टेन्शन घेऊ नये.

टेन्शन मी घेतलेलंच नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य निर्णय झाला. चहा केला, तो प्यायचा राहून गेला.

१३ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ६.१०

पहाटे चारलाच जाग आली. रजा मंजूर आहे. खिडकीतून गाडी दिसते. धुतलेली.

दातवाल्यांचा डबा एव्हाना निघाला असेल. ती मागच्या सीटवर असणार, पुढे आई. गाणी कुणी घेतली असतील?

दुपारी ३.२०

मेसेज: पोचले. खोली छान आहे. समोर एक टेकडी दिसते.

मी लिहिलं, वा, छान. मग लिहिलं, प्रवास कसा झाला. मग ते पुसलं. मग पुन्हा लिहून पाठवलं. तिने लिहिलं, मस्त, काकांनी वाटेत तीन ठिकाणी थांबून दगड गोळा करू दिले.

तीन ठिकाणी. माझ्या नियोजनात दोनच थांबे होते.

वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय. खूप वाईट वाटलं. मला हेवा वाटला त्या माणसाचा, आणि त्याच्या डब्याच्या टायरची खाच किती आहे हेसुद्धा मला माहीत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

टायर बसले. योग्य माप. घासत नाहीत. काय सांगावं! लोण्यावरून सुरी जावी तशी गाडी जाते. शहराभोवतीच्या रिंग रोडला पूर्ण चक्कर मारली, शंभर किलोमीटर. नवे टायर आधी सावकाश चालवून मुरवावे लागतात. मग आणखी एक चक्कर मारली. त्याला तसं कारण नव्हतं.

ग्रुपवर फोटो टाकला. बासष्ट लोकांना आवडला. अभिनंदनाचा पाऊस. रबरसम्राटांनी खाजगीत लिहिलं, निवड अचूक, मी हाच घेतला असता. मी विचारलं, तुमच्याकडे कुठली गाडी आहे. उत्तर आलं: चार वर्षांपूर्वी विकली. जायचं कुठे नसतं. पण टायरचं वाचायला बरं वाटतं, दिवस जातो. तुम्ही आज कुठे जाऊन आलात?

मी लिहिलं, रिंग रोडला, दोन चकरा.

त्यांनी लिहिलं, छान.

कॉम्प्युटर बंद केला. नऊ हजार उत्तरं, म्हणजे त्यांनी रोज किती लिहिली असतील ते मी मोजायला बसलो होतो, पण सोडून दिलं.

२१ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ७

सहाला फोन आला नाही. नव्या जागी गडबड असते. नेटवर्कही नसेल, टेकडी आहे ना. मी आपणहून करणार नव्हतो. साडेसहाला केला. तिने कट करून मेसेज टाकला, मेसमध्ये आहे, नंतर करते.

नंतर म्हणजे आज नंतर की उद्या, ते विचारलं नाही. फोन जवळ ठेवून बसलोय.

२८ सप्टेंबर, रविवार

फोन आला! चार मिनिटं. दगड, मैत्रिणी, हातोडी, एक खडूस सर. भरभरून बोलत होती. मी टायर बसल्याचं सांगितलं. ती म्हणाली, अरे वा, आणि मागून कुणीतरी हाक मारली म्हणून ठेवला.

संकल्प: येत्या रविवारी गाडी घेऊन थेट तिच्या दारात. न सांगता. सरप्राइज. आधी सांगितलं की फाटे फुटतात. ती खाली येईल, मी म्हणीन, चल, बस, आणि दिवसभर तिला त्या टेकड्यांमधून फिरवीन. सात तास तेव्हा राहिले ते आता वसूल. विषयांची जुनी यादी फाडली. नवी केलेली नाही, आपोआप बोलायचं ठरवलं आहे.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४.१५. परतीच्या वाटेवर, पेट्रोल पंपाच्या बाजूचं टपरीवजा हॉटेल

पहाटे पाचला निघालो, साडेअकराला पोचलो. वाटेत एकदाही थांबलो नाही. टायरबद्दल एक अक्षर वावगं बोलायला जागा नाही.

होस्टेलच्या फाटकाबाहेर कॉलेजची बस उभी होती. फोन केला. भिंगरी धावतच खाली आली. पायात मोठे बूट, कमरेला हातोडी, उन्हाने नाक लाल. तिने आधी मिठी मारली आणि मग घाबरून विचारलं, बाबा, असा अचानक, तू बरा आहेस ना? म्हणाली, आज आमची सगळ्या वर्गाची सहल आहे, बाराला बस सुटते, आधी सांगायचंस ना रे, मी गेले नसते.

म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं होती. कमी नाहीत. मी ठरवलं की वेळ वाया घालवायचा नाही.

तिने पुन्हा विचारलं, बरा आहेस ना खरंच? नीट जेवतोस का? मी म्हणालो, हे बघ आधी, आणि तिला पुढच्या चाकापाशी नेलं.

ती माझ्या शेजारी उकिडवी बसली. मी सांगत होतो, या तीन मोठ्या खाचा पाणी बाहेर काढतात, ही मधली पट्टी सरळ धावायला, या कडेच्या वळणावर पकडायला. तिने खाचेत अडकलेला एक बारीक दगड नखाने काढला, तळहातावर घेतला, उन्हात फिरवला. तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, बाबा, हा इथला नाहीये, हा तू वाटेत कुठून तरी आणलास, याच्यात बघ, हे हिरवं दिसतंय ना... आणि ती काहीतरी सांगायला लागली. मी म्हणालो, बरोबर, खडे अडकू नयेत म्हणून तळाशी बारीक उंचवटे दिलेले असतात, बघ, आणि तिचा हात धरून बोट खाचेत घालून दाखवलं.

तिने बघितलं. छान आहे, म्हणाली. दगड खिशात टाकला.

मग मी मागच्या चाकाकडे नेलं. नवे टायर मागे का बसवतात हे समजावलं, तसं आपण चारही नवे घेतले हेही. आवाज कमी का येतो ते सांगितलं. ती ऐकत होती, हं म्हणत होती. मधे एकदा म्हणाली की पहिले काही दिवस तिला झोपच यायची नाही. मी म्हणालो, होतं असं, आणि डाव्या मागच्या चाकात हवा किती ठेवायची ते सांगितलं.

बसचा हॉर्न वाजला. मैत्रिणी खिडकीतून हाका मारत होत्या. तिने पुन्हा मिठी मारली, सावकाश जा, पोचलास की कळव म्हणाली. पळत गेली. बसच्या पायरीवरून वळून हात केला. मीही केला. बस टेकडीमागे गेल्यावर गाडीत येऊन बसलो आणि शेजारच्या सीटकडे बघितलं.

पहाटे निघताना ती सीट मी मागे सरकवून, पुसून ठेवली होती. पाण्याची बाटली, तिच्या आवडीची बिस्किटं, उन्हाची टोपी. सगळं जिथल्या तिथे होतं.

दोन महिने मी ती गाडीत बसावी म्हणूनच सगळं करत होतो. ती माझ्यासमोर वीस मिनिटं होती, उन्हात, कधी उभी, कधी चाकापाशी उकिडवी. आत बस म्हणायचं मला सुचलंच नाही.